भाडं न देणारं मुंगूस

मराठी भुतांच्या हद्दी ठरलेल्या असतात. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, हडळ विहिरीच्या काठाला, चकवा रानवाटेवर. कोकण-गोव्यातल्या देवचाराकडे तर अख्खी वेस राखायला दिलेली. रात्रभर फिरून त्याच्या वहाणा झिजतात, गावकरी त्याला नव्या वाहतात, आणि हिशेब मिटतो. यांतलं कोणीही सहसा उंबरठा ओलांडून आत येत नाही, आणि आलंच तर बशीतली बिस्किटं मागत नाही. विलायती भुताचं तसं नाही. तिकडचा पाऊस आणि थंडी त्यालाही सोसत नसावी. ते घरात राहतं, घरातलं खातं आणि घरच्यांनाच बोल लावतं.

अशा घरकोंबड्या भुतांमध्ये पहिला मान द्यायचा तर तो आइल ऑफ मॅनच्या जेफला. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात हे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्याला डॉल्बी नावाचं खेडं, आणि खेड्याच्या वर, उघड्या डोंगरावर, डोअरलिश कॅशन नावाचं एकुलतं एक शेतघर. वीज नाही, टेलिफोन नाही, रेडिओ नाही, हाकेच्या अंतरावर शेजारी नाही. तिथे जेम्स अर्व्हिंग हे गृहस्थ पत्नी मार्गारेट आणि मुलगी व्हॉरी यांच्यासह राहत. अर्व्हिंग मूळचे लिव्हरपूलचे, पियानो विकणारे फिरते विक्रेते. पियानो विकणाऱ्याने मेंढ्या पाळायला डोंगरावर यावं, यातच पुढच्या गोष्टीची निम्मी तयारी झालेली होती असं म्हणायला हरकत नाही. थंडी अडवण्यासाठी त्यांनी दगडी भिंतींना आतून लाकडी फळ्या ठोकून घेतल्या. भिंत आणि फळ्या यांच्यामध्ये थोडी पोकळी राहिली. ती पोकळी लक्षात ठेवावी.

१९३१च्या सप्टेंबरात फळ्यांमागे खुडबुड सुरू झाली. कोणताही कर्ता पुरुष करील ते अर्व्हिंग यांनी केलं: सापळा लावला, विष ठेवलं, बंदूक घेऊन दबा धरला. काही सापडलं नाही. खुडबुडीचं गुरगुरणं झालं, गुरगुरण्याचं तान्ह्या बाळासारखं गुळगुळणं झालं. मग अर्व्हिंग यांना लहर आली. त्यांनी एकेका प्राण्याचं नाव घेऊन त्याचा आवाज काढला, तर फळीमागून तोच आवाज परत. पुढे नुसतं नाव घेतलं तरी पुरे होऊ लागलं. मग मुलीने बालगीतं शिकवली. काही आठवड्यांत ते घडाघडा बोलायला लागलं, आणि त्यानंतर अडचण उलटीच झाली. ते गप्प बसेना.

त्याने स्वतःची माहिती दिली ती अशी. नाव जेफ. जात मुंगूस. जन्म ७ जून १८५२, गाव दिल्ली.

म्हणजे बहादूरशहा जफर तख्तावर असताना जन्मलेलं, सत्तावनच्या धामधुमीत पाच वर्षांचं असलेलं आणि अर्व्हिंग यांच्या भिंतीत शिरलं तेव्हा एकोणऐंशी वर्षांचं मुंगूस. साध्या मुंगसाची मजल फार तर वीसेक वर्षांपर्यंत जाते. शिवाय दिल्लीहून आयरिश समुद्रापर्यंतचा प्रवास त्याने कसा केला याचाही नीट उलगडा होत नाही. बेटावरच्या एका शेतकऱ्याने काही वर्षांपूर्वी ससे मारण्यासाठी मुंगसं आणून सोडली होती असं तिथले लोक सांगत. पण ती बोलत असल्याची तक्रार कुणी केलेली नव्हती.

बरं, हे भूत की मुंगूस? यावर खुद्द जेफचंही एकमत नव्हतं. एका दिवशी तो म्हणे, मी भूतबीत काही नाही, मी आपलं एक जरा जास्तच हुशार मुंगूस आहे. दुसऱ्या दिवशी तो पृथ्वीवर अडकलेला आत्मा असे. तिसऱ्या दिवशी जगातलं आठवं आश्चर्य. आपल्याला पाहिलंत तर जागच्या जागी दगड व्हाल, अशीही त्याची धमकी होती. डॉल्बीच्या गावकऱ्यांनी या तत्त्वचर्चेत वेळ न घालवता त्याला सरळ 'डॉल्बीचं भूत' करून टाकलं.

जेफचा उपद्रव कोणत्या जातीचा होता हे पाहिलं की मराठी वाचकाला हा प्राणी ओळखीचा वाटू लागेल. तो घरमालकाला 'जिम' आणि मालकिणीला 'मॅगी' म्हणून हाका मारी. जेवण वेळेवर झालं नाही की शिव्या देई. बिस्किटं, चॉकलेट आणि केळी त्याला आवडत, आणि ती त्याच्यासाठी आढ्याला टांगलेल्या बशीत ठेवावी लागत. पाहुण्यांवर खडे फेकी. घरची माणसं बाजाराला निघाली की कुंपणापलीकडून अखंड बडबड करत बरोबर जाई, पण अलीकडे येत नसे. बेटावरच्या बसमधून फुकट हिंडे आणि बसचे नोकर काय बोलतात, कोण कोणाचा डबा खातं, याची खबर संध्याकाळी घरी आणून देई. व्हॉरीच्या खोलीत जिन्यावरच्या पेटीवजा जागेत त्याचं बिऱ्हाड होतं, आणि तिथून तो घरातल्या सगळ्या बोलण्यावर शेरे मारी. थोडक्यात, भाच्यांकडे राहायला आलेले आणि परत जाण्याचं नाव न काढणारे दूरचे मामा.

मामांपेक्षा एक गोष्ट मात्र बरी होती. जेफ भाड्याऐवजी ससे देई. ससे मारून, नेमके कुठे टाकले आहेत ते सांगे. अर्व्हिंग ते विकत. मेंढ्यांनी न दिलेले चार पैसे सशांनी दिले. शेगडी जळती राहिली तर सांगणं, उशिरापर्यंत झोपलेल्यांना उठवणं, उंदरांचा बंदोबस्त करणं, अशी फुटकळ कामंही तो करी, असं अर्व्हिंग यांच्या नोंदींवरून दिसतं. त्यांनी जेफच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी वर्षानुवर्षं पत्रांतून लिहून ठेवल्या, इतक्या बारकाईने की शेतीची वही त्यांनी तशी ठेवली असती तर शेत चाललं असतं.

कोणत्याही भुताटकीच्या घरात हे एवढं जमतंच. पहिले पंधरा दिवस आरडाओरडा, आणि मग घरच्यांना सवय. इंग्लंडमधल्या एप्वर्थ गावी १७१६च्या डिसेंबरात पाद्री सॅम्युएल वेस्ली यांच्या घरात ठोकाठोकी सुरू झाली. पुढे मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या जॉन वेस्लीचं हे घर. जॉन तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि लंडनला शाळेत होता. दाणदाण पावलं वाजत, नर टर्कीच्या ओरडण्यासारखा आवाज येई, दारांच्या कड्या हलत. वडील पिस्तूल घेऊन धावले, शेजारच्या पाद्र्याने त्यांना आवरलं. घराच्या राखणीला मोठा थोरला कुत्रा होता, तो सर्वांत आधी शेपूट घालून माणसांच्या मागे लपला. पण मुली? मुलींनी त्या भुताचं नाव 'म्हातारा जेफ्री' ठेवलं आणि त्याच्या मागे आवाजाचा माग काढत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळू लागल्या.

या म्हाताऱ्या जेफ्रीला राजकारणही होतं. घरातल्या प्रार्थनेत राजे जॉर्ज यांचं नाव आलं की तो हटकून जोरात ठोके मारी. या घराला तो वाद नवा नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी राजे विल्यम यांच्यासाठी केलेल्या प्रार्थनेला पत्नी सुझॅना वेस्ली 'आमेन' म्हणाल्या नाहीत, म्हणून सॅम्युएल वेस्ली घर सोडून लंडनला निघून गेले होते. आणि ते राजेच वारल्यावर भांडण मिटलं. बायकोने अर्धवट सोडलेला मुद्दा भुताने उचलून धरावा, हे पाद्रीबुवांना किती लागलं असेल! दोन महिन्यांत जेफ्री आपणहून थांबला. घर आजही उभं आहे आणि तिथे संग्रहालय आहे.

तर घरच्यांचं भुताशी जमतं. जमत नाही ते पाहायला येणाऱ्यांचं. बोलक्या मुंगसाची बातमी वर्तमानपत्रांत पोचली आणि डोंगरावर माणसं चढू लागली. एका वार्ताहराला चिरका आवाज ऐकू आला आणि तो भारावून परतला. दुसऱ्याने लिहिलं की आवाज मुलीकडून आला आणि बाप मात्र भलतीकडेच बोट दाखवत होता. मुंगूस दिसलं की त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचं, ही महाराष्ट्रातल्या पोरांची जुनी रीत. आइल ऑफ मॅनवर जमलेल्या साऱ्या विद्वानांची मागणी अक्षरशः हीच होती, फक्त शपथ कोणाची घालायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. जेफने तोंड दाखवलं नाही. व्हॉरीने काढलेल्या फोटोंत एक धूसर ठिपका दिसतो. तो मुंगसाचा असू शकतो, तसा हातमोज्याचाही.

१९३५च्या जुलैमध्ये हॅरी प्राइस हा त्या काळचा गाजलेला भुताटकी-तपासनीस लंडनहून आला. बरोबर रिचर्ड लॅम्बर्ट, बीबीसीच्या 'द लिसनर' या साप्ताहिकाचे संपादक. जेफ त्याआधीच गायब झाला होता. पाहुणे परत गेल्यावर तो आला. मागे त्याने कृपावंत होऊन आपल्या अंगाचे काही केस पाठवले होते. प्राण्यांच्या जाणकाराने ते पाहिले आणि ते कुत्र्याचे असावेत असा निर्वाळा दिला. अर्व्हिंग यांच्याकडे मोना नावाची कुत्री होती. तिचे केस शेजारी ठेवल्यावर दोन्ही अगदी जुळले. मातीसारख्या लगद्यात उठवून दिलेले पंज्यांचे ठसेही मुंगसाचे निघाले नाहीत. प्राइसने घराच्या लाकडी अस्तराकडे पाहून नोंदवलं की सगळं घर म्हणजे बोलण्याची एक मोठी नळीच आहे. एका कोपऱ्यात कुजबुजलं तर दुसऱ्यात ऐकू यावं. दोघांनी १९३६मध्ये यावर पुस्तक काढलं. त्यात त्यांनी मुंगूस खरं आहे असं म्हटलं नाही, खोटं आहे असंही ठासून म्हटलं नाही. संपादक माणूस.

आणि इथे जेफने आपला सर्वांत मोठा खोडसाळपणा केला, तोही डोंगरावरून न हलता. लॅम्बर्ट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संचालक मंडळावर होते. लंडन काउंटी कौन्सिलचे माजी अध्यक्ष सर सेसिल लेव्हिटा यांना ते तिथे नको होते. लेव्हिटांनी बीबीसीच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या कानावर घातलं की हा गृहस्थ बोलणाऱ्या मुंगसावर विश्वास ठेवतो, त्याचं डोकं ठिकाणावर नाही, असल्या माणसाला जबाबदारीच्या जागी ठेवू नये. लॅम्बर्टनी बदनामीचा दावा लावला. नोव्हेंबर १९३६मध्ये लंडनच्या न्यायालयात गंभीर चेहऱ्याचे वकील, टोप घातलेले न्यायमूर्ती आणि ज्यूरी यांच्यासमोर 'मुंगूस खटला' चालला. मुंगूस बोलतं का, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच की लॅम्बर्टच्या डोक्याविषयी जे बोललं गेलं त्याची किंमत किती. ज्यूरीने ती ७,५०० पौंड ठरवली.

प्रकरण तिथेही थांबलं नाही. दावा मागे घ्यावा म्हणून बीबीसीच्या वरिष्ठांनी लॅम्बर्टवर दडपण आणलं होतं, हे सुनावणीत बाहेर आलं. पार्लमेंटात आरडाओरडा झाला आणि पंतप्रधान बाल्डविन यांना चौकशी समिती नेमावी लागली. हेच बाल्डविन त्याच आठवड्यांत आठव्या एडवर्डला सिंहासन सोडावं लागण्याच्या भानगडीतही गुंतलेले होते. ब्रिटिश साम्राज्यापुढे एकाच वेळी एक राजा आणि एक मुंगूस असे दोन प्रश्न उभे होते, आणि दुसऱ्याचा जन्म दिल्लीचा. आपल्याकडच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात या कामगिरीची नोंद कुठे सापडत नाही.

भुताने न्यायालयात बाजी मारल्याचं दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी नायॅक नावाचं गाव आहे. तिथल्या एका जुन्या मोठ्या घरात हेलन अ‍ॅकली राहत. त्यांच्याकडची भुतं अमेरिकन क्रांतीच्या काळातल्या पोशाखात वावरत आणि अत्यंत सुसंस्कृत होती. मुलीचा पलंग रोज सकाळी हलवून तिला शाळेसाठी उठवत. सुट्टी लागली तेव्हा तिने मोठ्याने जाहीर केलं की उद्या शाळा नाही, आणि दुसऱ्या दिवशी पलंग हलला नाही. बाई शिडीवर चढून छताला रंग देत होत्या तेव्हा त्यांनी हवेत बसल्यासारख्या दिसणाऱ्या एका आकृतीला विचारलं, रंग पसंत आहे का? आकृतीने होकार दिला. बाईंनी हे सगळं १९७७मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये लिहिलं. पुढे गाव दाखवायच्या फेरीतही हे घर भुतासकट दाखवलं जाऊ लागलं.

मग बाईंनी घर विकायला काढलं. न्यूयॉर्क शहरातल्या एका खरेदीदाराने साडेसहा लाख डॉलरला सौदा केला, ३२,५०० डॉलर विसार दिला, आणि नंतर त्याला घराची कीर्ती कळली. तो विसार परत मागायला न्यायालयात गेला. १९९१मध्ये वरच्या न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: ज्या बाईंनी आपल्या घरात भुतं आहेत असं देशभर छापून सांगितलं, त्यांना आता ती नाहीत असं म्हणता येणार नाही, सबब कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेलं आहे. शिवाय कितीही कसून घर तपासलं तरी भूत दिसणार नाही, म्हणून ही बाब विकणाऱ्यानेच सांगायला हवी होती. निकालपत्रात भुतांवरच्या कोट्यांची अशी पेरणी आहे की न्यायमूर्तींनी ती संधी आयुष्यभर शोधली असावी. कायद्याच्या कॉलेजांत तो निकाल आजही शिकवतात. महाराष्ट्रात तो लागू झाला तर सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात तलाठ्याला काय काय लिहावं लागेल, या विचाराने अंगावर काटा येतो.

महाराष्ट्राचा कायदा मात्र वेगळ्या वाटेने गेला. मराठवाड्यात, विदर्भात आणि लगतच्या कर्नाटकात घरात शिरणाऱ्या उपद्रवाला भानामती म्हणतात. पत्र्यावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे आपोआप पेटतात, कापडावर आणि अंगावर फुल्या उमटतात, शिजल्या अन्नात नको ते सापडतं. मग देवऋषी येतो, शेजारच्या एखाद्या म्हातारीकडे बोट दाखवतो आणि खरा अनर्थ सुरू होतो. म्हणून २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भुताला हात लावला नाही, बोट धरलं. अमकी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने गुरांचं दूध आटवते असं जाहीर करणं हाच गुन्हा. दूध का आटलं हे विचारायला गुरांचे डॉक्टर आहेत.

या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या आणि तो अमलात येण्याआधीच पुण्यात गोळ्या घालून मारल्या गेलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने भानामतीची कितीतरी प्रकरणं हाताळली. त्यांच्या कार्यकर्त्यांची पद्धत साधी. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचं. दगड मारणारा हात घरातच सापडतो. बहुतेकदा तो अशाच कुणाचा असतो, ज्याचं घरात कोणी ऐकत नाही: शाळा सुटलेली मुलगी, कोंडमारा झालेली सून, धाक बसलेला पोरगा. समजूत निघते, दगड थांबतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कार्यकर्ते नाव कधीच जाहीर करत नाहीत. गावाला एवढंच सांगितलं जातं की भानामती थांबली.

आइल ऑफ मॅनवर असं कोणी नव्हतं. खुडबुड सुरू झाली तेव्हा व्हॉरी तेरा वर्षांची होती. भावंडं मोठी होऊन निघून गेलेली, जवळपास सवंगडी नाही, आणि बाप एकेकाळी जगभरच्या गप्पा मारत पियानो विकणारा, आता ऐकणाऱ्याविना बसलेला. आवाज तिचा, बापाचा, की दोघांनी न ठरवता मिळून चालवलेला, यावर नव्वद वर्षांत बरंच लिहिलं गेलं. १९३७मध्ये नँडोर फोडोर हे भुतांकडे मानसशास्त्राच्या नजरेने पाहणारे संशोधक तिथे आठवडाभर राहिले. जेफ त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. १९४५मध्ये अर्व्हिंग वारले. मायलेकींना घर नुकसान सोसून विकावं लागलं, कारण झपाटलेल्या घराला गिऱ्हाईक कुठलं?

नव्या मालकाने दोनेक वर्षांनी एक विचित्र प्राणी मारला आणि 'हाच तो जेफ' म्हणून वर्तमानपत्राला दाखवला. काळापांढरा, चांगला मोठा. व्हॉरीने ठणकावून सांगितलं की हा आमचा नव्हे. आमचा पिवळसर होता आणि लहान होता.

१९७०मध्ये एका अमेरिकन मासिकाच्या माणसाने तिला शोधून काढलं तेव्हाही ती म्हणाली की ती थाप नव्हती, आणि तो आवाज मुळात आपल्याकडे यायलाच नको होता. जेफपायी आपलं लग्न राहून गेलं, असंही तिने सांगितलं. आमच्या घरी एक मुंगूस बोलायचं, हे मुलाकडच्यांना सांगायचं तरी कसं? नायॅकच्या न्यायमूर्तींचा नियम लावला तर तिला ते सांगणं भागच होतं: एकदा छापून आलेली गोष्ट नव्या माणसापासून लपवता येत नाही. तिने ती वेळच येऊ दिली नाही. २००५ साली ती वारली. अविवाहित.